दादरच्या पिंजऱ्याचं दार

आमच्या दादर नावाच्या कुत्रीच्या पिंजऱ्याला आता दार नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी पक्कड घेऊन त्याच्या दोन्ही कड्या सरळ केल्या, दार काढलं आणि गच्चीवर नेऊन ठेवलं. तेव्हापासून शाळेतल्या दोघीतिघींनी विचारलं, की पिंजऱ्यात ठेवणं कधी थांबवायचं, पिल्लू किती महिन्यांचं झालं की? महिन्यांत उत्तर देता येत नाही. आणि आपल्या खानदेशात ते कुत्र्याइतकंच उन्हाळ्यावरही अवलंबून असतं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून जसं घडलं तसं सगळं लिहून ठेवते.

आधी नावाचं सांगते. दादर म्हटलं की मुंबईकडच्या माणसाला स्टेशन आठवतं. आमच्या धुळ्याकडे दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येणारी. तिच्या भाकरीचा जो रंग असतो, पांढऱ्यात थोडा पिवळसर, तोच हिच्या अंगाचा; आणि पाठीवर तव्याचे डाग पडावेत तसे दोन ठिपके. नाव आप्पांनी ठेवलं, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. गेल्या नवरात्रात देवपुरात एकवीरा देवीच्या रस्त्यावर, एका नारळाच्या दुकानाच्या फळीखाली ती माझ्या मुलाला दिसली. आई कुठेच नव्हती. दोन दिवस आम्ही जाऊन येऊन पाहिलं, तिसऱ्या दिवशी टॉवेलात गुंडाळून स्कूटीवर घरी आणलं. डॉक्टरांनी दात पाहून सांगितलं, साधारण दोन महिन्यांची असेल.

मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. शाळा अकरा ते पाच. नवरा सुरतला नोकरीला, पंधरा दिवसांनी शनिवारी येतो. मुलगा आठवीत, माझ्याच शाळेत. म्हणजे आम्ही दोघं निघालो की घर रिकामं. आप्पा अर्धे दिवस आमच्याकडे आणि अर्धे दिवस शिंदखेड्याकडे शेतावर. अशा घरात दोन महिन्यांचं पिल्लू सांभाळायचं कसं, हे मी स्टाफरूममध्ये विचारलं, तेव्हा विज्ञानाच्या मॅडमनी क्रेटचं, म्हणजे कुत्र्याला सवय लावून आत ठेवायच्या जाळीच्या पिंजऱ्याचं, सुचवलं. त्यांच्या बहिणीकडे नाशिकला असंच केलेलं. मी घरी येऊन म्हटलं, क्रेट आणायचंय. आप्पा म्हणाले, "कॅरेट शे ना घरमा, टमाटासनं." त्यांनी खरोखर गच्चीवरून टोमॅटोचं प्लॅस्टिकचं कॅरेट उतरवून आणलं, धुतलं आणि त्यात गोणपाट घातलं. पहिले आठ दिवस दादर त्यातच झोपली. मग घडीची जाळी मागवली, ३६ इंच लांब, मध्ये सरकवायचं फाळकं असलेली. तिला घरात सगळे पिंजराच म्हणू लागले. मलाही तोच शब्द पटला, कारण दार लावलं की तो पिंजराच असतो.

शिकवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडे सापडतं. कुत्र्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढी जागा, पण एका कोपऱ्यात घाण करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपता येईल एवढी नाही. म्हणून ते फाळकं. जेवण आत. दार आधी उघडंच, मग मिनिटभर बंद, मग पाच मिनिटं. रागावून कधी आत घालायचं नाही. हे शेवटचं आम्ही कटाक्षानं पाळलं, मुलाकडूनही पाळून घेतलं. दिवाळीत बाहेर फटाके सुरू झाले तेव्हा ती आपणहून आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसली. त्या दिवशी मला वाटलं, हे जमलं.

एक हिशोब मात्र सांगते, कारण तो माझ्या विषयाचा आहे. पिल्लाचं वय महिन्यांत घ्यायचं आणि त्यात एक मिळवायचा. जास्तीत जास्त तितके तास ते लघवी धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू, तीन तास. शाळा अकराला, मोठी सुट्टी दोनला. बरोबर तीन तास. पहिले दोन महिने आप्पा मुद्दाम राहिले, आणि ते नसतील त्या दिवशी मी मोठ्या सुट्टीत स्कूटीवर घरी येऊन तिला खाली फिरवून परत जात असे. डबा बऱ्याचदा तसाच परत यायचा. पण हा हिशोब लघवीचा आहे, कोंडून ठेवण्याचा नाही. सहा महिन्यांची झाली म्हणजे तिला सात तास आत ठेवायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला एका दमात तीन-चार तासांहून जास्त आत ठेवू नये, असं बहुतेक शिकवणारे सांगतात. मी आधी दोन्ही गोष्टींची गल्लत केली होती. पोरं क्षेत्रफळाचं सूत्र परिमितीला लावतात, तशी.

डिसेंबर संपेपर्यंत रात्रभर कोरडी राहायला लागली. दिवसाही घरात काही नाही. आम्ही निघायची तयारी करू लागलो की ती जाऊन आत बसायची, मी कडी लावायची, भाकरीचा तुकडा द्यायची, निघायची. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की हे आता पुढे कधी थांबवायचं हा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नाही.

तो आप्पांनी विचारला. संक्रांतीला ते शेतावरून आले, तीळगूळ झाला, आणि मी बाजारात जायला निघताना नेहमीप्रमाणे दादरला आत घेऊन कडी लावली. आप्पा खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "माय, तिले काबर कोंडी ठेवस? ती काय वाघीन शे का?" मी म्हटलं, "आप्पा, तिला सवय आहे, ती सुखात असते आत." ते पुढे काही बोलले नाहीत. पण बाजारात भाजी घेताना ते माझ्या डोक्यातून जाईना. ती सुखात असते हे खरंच होतं. ती सुखात असते म्हणून कडी लागते का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आप्पा तर घरातच होते. कडी त्या दिवशी कशासाठी लावली होती?

त्याच रात्री मी पहिल्यांदा दार उघडं ठेवलं. सुरुवात रात्रीपासून करावी असं मी कुणालाही सांगेन. आपण घरात असतो, कुत्रं पेंगुळलेलं असतं, काही आवाज झाला तर जाग येते. दादर आधी आतच झोपली. तीनच्या सुमाराला नखांचा टकटक आवाज आला, ती माझ्या पलंगाशी आली, हात हुंगला, मुलाच्या खोलीपर्यंत जाऊन आली आणि परत आपल्या जागेवर. आठ-दहा रात्री असंच चाललं. मग रात्रीची कडी कायमची सुटली.

दिवसाचं तितकं सोपं गेलं नाही. फेब्रुवारीत ती सहा महिन्यांची. दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ येतात, ते साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत पुरे होतात, आणि त्या काळात तोंडाला काहीतरी लागतंच. मी एका रविवारी तासाभरासाठी तिला मोकळं सोडून गेले, तर सातवीच्या घटक चाचणीचे एकोणीस पेपर फाडलेले. त्या एकोणीस मुलांची चाचणी मी पुन्हा घेतली आणि वर्गात खरं कारण सांगितलं. पेपरांपेक्षा मला भीती वाटली ती चार्जरच्या वायरची. तीही चावलेली होती. बटण बंद होतं म्हणून वाचलो. त्या दिवसापासून मी बाहेर जाताना कडी पुन्हा लावायला लागले, आणि तेव्हा ते बरोबरच होतं.

मात्र त्या रविवारी निघताना एक काम फार उपयोगाचं केलं होतं. जुना मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून रेकॉर्डिंग लावलं आणि ती एकटी असताना काय करते ते पाहिलं. नासधूस दोन तऱ्हेची असते. एक कंटाळ्याची: कुत्रं आधी झोपतं, तासाभरानं उठतं, हे हुंग, ते ओढ, एखादी चप्पल चाव. दुसरी घाबरण्याची: आपण गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होते, सगळा रोख बाहेरच्या दाराकडे असतो, चौकट ओरबाडली जाते, लाळ गळते, रडणं थांबत नाही. कंटाळ्याच्या कुत्र्याला काही दिवस जाळीचा उपयोग होतो. घाबरलेल्याला आत कोंडलं तर भीती वाढते. अशी कुत्री गज चावून दात मोडून घेतात, नाक सोलून घेतात. तिथे जाळी लगेच बंद करायची आणि घरी कुणीतरी राहील अशी सोय करून डॉक्टरांना विचारायचं. दादरचं रेकॉर्डिंग मी दोनदा पाहिलं. तिनं चाळीस मिनिटं झोप काढली होती, मग उठून आळस दिला होता आणि मग पेपरांकडे गेली होती. कंटाळाच होता तो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन केलं. टाके सुटेपर्यंत दहा-बारा दिवस उड्या नकोत, जिन्यावर चढउतार नको, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या दिवसांत पिंजऱ्यानं आम्हाला तारलं. गळ्याभोवती प्लॅस्टिकचा शंकू लावलेली ती बिचारी दिवसभर आत पडून राहायची, आणि तिला ते ओळखीचं होतं म्हणून त्रास झाला नाही. पिंजऱ्याची सवय मोडू नये असं मी म्हणते ते यासाठी. कधी दवाखान्यात ठेवावं लागतं, कधी प्रवास असतो. थांबवायची असते ती कडी.

मग दहावीची परीक्षा, पर्यवेक्षण, पेपर तपासणी. माझं घराकडे लक्ष नव्हतं. टाके सुटले, जखम भरली, आणि कडी मात्र तशीच लागत राहिली. कशासाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही. हात आपोआप कडीकडे जायचा. ही माझी चूक, आणि ती मी इथे लिहिते आहे कारण पुढचं तिच्यामुळे घडलं.

एप्रिलच्या मध्याला शाळा सकाळची झाली होती. मुलांच्या परीक्षा आटोपल्या होत्या, आम्हाला निकालाच्या कामासाठी जावं लागे. मुलगा वडिलांकडे सुरतला गेला होता, आप्पा शेतावर. मी सातला निघाले, साडेअकरापर्यंत येते म्हणून दादरला आत घालून कडी लावली, पाण्याची वाटी ठेवली, पंखा चालू ठेवला. जाळीवर तिन्ही बाजूंनी जुनी चादर टाकलेली असायची, थंडीत टाकलेली, तिला अंधारात छान झोप लागते म्हणून तशीच राहिलेली. त्या दिवशी निकालपत्रकांचा ताळा लागेना. एक बेरीज चुकत होती. साडेअकराचे साडेबारा झाले, साडेबाराचे पावणेदोन.

लाईट अकराला गेली होती, हे मला शेजारच्या मावशींकडून नंतर कळलं. पारा ४३ च्या वर होता. आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर नुसता स्लॅब, आणि पिंजरा पूर्वेच्या भिंतीला लागून. दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी वाफ आली. दादर भुंकली नाही. तिची जीभ बाहेर लोंबत होती, रुंद झालेली, गडद लाल. लाळ चिकट, तारेसारखी. वाटी उलटून पाणी सांडून वाळूनही गेलेलं. मी कडी काढली.

ती उठली, झोकांडी गेली, आणि माझ्याकडे न येता सरळ स्वयंपाकघर ओलांडून मोरीत गेली. मोरीची शहाबादी फरशी घरातली सगळ्यात गार जागा आहे. उन्हाळ्यात मीसुद्धा तिथे पाय टेकून उभी राहते. तिनं पोट फरशीला लावलं, चारही पाय पसरले आणि मान टाकली. मला आजही ते जसंच्या तसं दिसतं. गारवा कुठे आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. दोन-पावणेतीन तास तिच्यात आणि त्या फरशीत फक्त माझी एक कडी होती.

नळ सोडला तर टाकीचं पाणी चटका देणारं. एप्रिलमध्ये दुपारी धुळ्यात टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही. मी माठ उचलून आणला आणि तांब्यातांब्यानं तिच्या पोटावर, जांघेत, काखांत, पंजांवर पाणी ओतलं, आणि निकालाच्या फायलीच्या पुठ्ठ्यानं वारा घातला. बर्फ लावला नाही. अगदी गारठवणारं पाणी टाकलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात, असं मी पूर्वी ऐकलं होतं. ओला टॉवेल पांघरून ठेवायचा मोह झाला होता, तो टाळला ते बरं झालं. तो अंगाच्या उष्णतेनं तापतो आणि वारा अडवतो. पाणी ओतत राहायचं आणि वारा लागू द्यायचा. वीसेक मिनिटांनी तिनं दोन घोट पाणी घेतलं. मग रिक्षा.

दवाखान्यात ताप १०४.४ भरला, म्हणजे फॅरनहाइटमध्ये. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५. ते १०६ च्या आसपास गेलं की आतल्या अवयवांना इजा व्हायला लागते, डॉक्टर म्हणाले. सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत ती शेपटी हलवायला लागली. डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, "दार बंद होतं?" मी मान हलवली. त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण समजावून सांगितलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजांच्या गादीला येतो. ते धापा टाकून जिभेवरचं, तोंडातलं पाणी वाफ करून उडवतं आणि मुख्यतः त्यावरच गार होतं. चादरीनं झाकलेल्या जाळीत तीच दमट, तापलेली हवा ते पुन्हा पुन्हा ओढत राहतं. आणि गार जागेवर जाऊन पडणं हा त्याचा दुसरा उपाय, तो बंद दारानं काढून घेतलेला असतो.

रात्री आप्पांना फोन केला. रडायला आलं. ते रागावले नाहीत. बराच वेळ शेतावरच्या कुत्र्याचं सांगत बसले: सकाळी बैलगाडीखाली, दहाला निंबाच्या सावलीत, बारानंतर विहिरीच्या पाइपाशी जिथे माती ओली असते तिथे खड्डा उकरून, आणि दिवस कलला की गोठ्याच्या मागे. एका दिवसात चार जागा. "कुत्रं सोतानी सावली सोता धुंडी लेस," ते म्हणाले. "तिले धुंडू दे."

दुसऱ्या दिवशी उठून मी दार काढून टाकलं असं मात्र नाही. वायरी अजून होत्याच. घाबरून घेतलेला निर्णयही तिला धोक्यातच घालणारा ठरला असता. मी पाच दिवस रजा टाकली, आप्पांना बोलावून घेतलं, आणि आम्ही मधली खोली, स्वयंपाकघराची बाजू आणि मोरी असा एक सलग भाग तयार केला. दोन्ही खोल्यांच्या तोंडाशी प्लायचे तुकडे उभे केले. खाली लोंबणाऱ्या वायरी सगळ्या वर बांधल्या. फिनेल, उंदराचं औषध, गोळ्यांचा डबा माळ्यावर. पिंजऱ्यावरची चादर काढली, तो पूर्वेच्या भिंतीपासून हलवून आत आणला आणि त्याचं दार सुतळीनं मागे बांधून टाकलं. पाण्याची दोन पसरट भांडी, न उलटणारी, त्यातलं एक मोरीत. लाईट गेली तरी मोरी गारच असते, आणि गच्चीवर दुपारी पाणी मारलं की स्लॅबही थोडा उतरतो.

मग बाहेर जायला सुरुवात केली. पाच मिनिटं, दोन मिनिटं, दहा, चार, पंधरा, सात, तीस. मुद्दाम असं वरखाली. दर वेळी वाढतच गेलं तर कुत्र्याच्या ध्यानात येतं, की ही गेली की आता मागच्याहून जास्त वेळ जाणार. निघताना लाड नाहीत, आल्यावर आरडाओरडा नाही. किल्ली उचलायची आणि चालायला लागायचं. मी जिन्यात बसून मोबाईलवर बघत असे. पहिल्या दिवशी ती नऊ मिनिटं दाराशी उभी होती, कान टवकारून. मग पिंजऱ्यात गेली, फेरी मारली, बाहेर आली आणि माठाच्या तिवईखाली पसरली. तिथे माठ पाझरतो, फरशी ओलसर असते. ही जागा मला सुचली नसती.

आठव्या दिवशी दीड तासानं परत आले तर आप्पांची चप्पल दोन ठिकाणी होती. मी तिला दाखवून रागावले नाही. तासापूर्वीच्या गोष्टीसाठी रागावलेलं कुत्र्याला कळत नाही, नुसतं घाबरतं. चपला कपाटात गेल्या, आणि पुढचे दोन दिवस वेळ पाऊण तासावर आणली. पुन्हा कडी लावली नाही. एक पायरी उतरायची, सगळा जिना नाही. त्यानंतर चार दिवसांनी अडीच तास, सगळं जागच्या जागी. रेकॉर्डिंगमध्ये ती तीनदा जागा बदलताना दिसत होती: तिवई, मोरी, पुन्हा तिवई. पिंजऱ्यात एकदाही नाही. त्या संध्याकाळी पक्कड घेतली.

तेव्हा ती साडेआठ महिन्यांची होती. हे वय लवकरचं आहे हे मला ठाऊक आहे. बऱ्याच कुत्र्यांना वर्ष-दीड वर्ष लागतं, कारण दात आले तरी अक्कल यायला वेळ लागतो. आठव्या-नवव्या महिन्यात आधी शिकलेलंही ती विसरल्यासारखी करतात. भुसावळला माझ्या नणंदेकडे लॅब्रेडॉर आहे, दोन वर्षांचा. गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आमरसाच्या वेळी त्यानं आंब्याची कोय गिळली, आतड्यात अडकली, पोट उघडून काढावी लागली. जमिनीवर पडलेलं काहीही गिळणारं कुत्रं असेल तर त्याला एकटं मोकळं सोडा असं मी म्हणणार नाही. पण तिनंही या उन्हाळ्यात जाळी काढून त्याला एक रिकामी, कूलर लावलेली खोली दिली, दाराला आडवी फळी लावून. त्याच्या सावधगिरीला खोलीही पुरली.

मला वाटतं कडी सोडायच्या आधी एवढं तरी बघावं, की दोन महिने घरात एकदाही घाण झालेली नाही, आपण घरात असताना नजरेआड गेलं तरी वस्तूंना तोंड लागत नाही, आणि दार उघडं असताना ते आपणहून आत जाऊन झोपतं. यातलं एखादं नसेल तर थांबावं. पण जाळीत लाळ, ओरबाडे, आत जायला नकार दिसला, तर बाकीचं जमेपर्यंत वाट बघत बसू नये. आणि आपल्याकडे होळी झाली की बंद जाळी एकट्या घरात नकोच, कुत्र्याचं वय काहीही असो. म्हणजे दसरा-दिवाळीला पिल्लू आणलं असेल तर चार-पाच महिने हातात असतात, आणि त्या वयात पुरतं मोकळं सोडता येणार नाही. तेव्हा होळीपर्यंत एक गार, निर्धोक खोली तरी तयार ठेवायला हवी. मी हे आधी मोजलं असतं तर तो दिवस आलाच नसता.

नंतर या विषयावर बरंच वाचलं. स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरात कुत्र्याला जाळीत बंद करून ठेवायलाच कायद्यानं मनाई आहे, प्रवास किंवा आजारपण असे अपवाद सोडून. तिथे तर उन्हाळासुद्धा आपल्यासारखा नसतो. आपल्या १९६० च्या प्राण्यांच्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही एवढ्याशा पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा धरला आहे. माझा पिंजरा मापात होता. मोरीपर्यंत मात्र तो पोचत नव्हता.

मे महिन्यात शेजारच्या मावशींनी बिबड्या केल्या, म्हणजे ज्वारीचे उन्हात वाळवायचे पापड. आमच्या गच्चीवर ऊन जास्त म्हणून दरवर्षी आमच्याच गच्चीवर घालतात. कावळे आणि खारी फार त्रास देतात, तेव्हा त्यांनी विचारलं, झाकायला काही जाळीबिळी आहे का. मी पिंजऱ्याचं दार घासूनपुसून दिलं. दोन विटांवर टेकवून त्यांनी ते बिबड्यांवर आडवं ठेवलं. आप्पा गच्चीवर राखण करायला बसले, टोपीवर ओलं उपरणं टाकून, आणि दादर त्यांच्या खुर्चीखाली. अकरा वाजता तिला तिथे गरम व्हायला लागलं तेव्हा ती उठली, आप्पांच्या पायाला नाक लावलं आणि एकटीच जिना उतरून खाली मोरीत गेली.